दोघींत एक कपाट

११ जानेवारी

सामान लागलं. नवरा नवा, घर नवं, म्हणून वहीही नवी काढली.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधे एक पॅसेज. पॅसेजमध्ये दोन माणसं समोरासमोर आली की एकाला मागे जावं लागतं. एक खोली आमची, एक मुलींची. मुलींची खोली दहा बाय नऊ. मी टेपने मोजली. वसतिगृहात एवढ्या जागेत मी तिघींना बसवते. इथे दोघीच आहेत.

माझी बारा वर्षांची, यांची दहा. हाका मारायला सोपं जावं म्हणून आम्ही एकीला मोठी आणि दुसरीला धाकटी म्हणायचं ठरवून टाकलं. दोघीही आजवर एकुलत्या. आता एकीवर उगीच मोठेपण येऊन पडलं आणि दुसरीवर धाकटेपण. होईल सवय. धाकटी मला काकू म्हणते, त्याचीही मला घाई नाही.

हे मोबाइलच्या टॉवरांची दुरुस्ती करत गावोगाव फिरतात, पंधरवड्यातून दोन दिवस घरी. म्हणजे घर माझ्यावरच. धाकटीची आई जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या मावशीने लग्नाच्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नाही जमलं तर कळवा. माझ्याकडे जागा आहे." बाई गोड बोलली, पण मला ते झोंबलं. नोकरदार बायकांच्या वसतिगृहात एकोणीस वर्षं खोल्या वाटतेय मी. एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या हजारभर बायका शेजारी शेजारी नांदवल्या. मला या दोन पोरी जड आहेत का? यांना मी शब्द दिलाय की तुमची मुलगी या घरातून कुठेही जाणार नाही.

धाकटीबरोबर एक हॅमस्टरही आलाय. उंदराचाच लठ्ठ भाऊबंद, शेपूट नावापुरती, रंग सोनेरी. मादी आहे आणि नाव गोटी. सध्या पोपटाच्या जुन्या पिंजऱ्यात राहते. तिचे पाय तळाच्या तारांतून खाली जातात आणि ती ते एकेक करून वर ओढून घेते. बघवत नाही. हिच्या घराचं आधी बघायला हवं.

"तिला आहे, मग मला का नाही?" मोठी जेवताना म्हणाली. बरोबर आहे तिचं. एकाच खोलीत एकीला एक आणि दुसरीला नाही, हे मी वसतिगृहातही चालवून घेत नाही.

१३ जानेवारी

ऑफिसातून परस्पर, मोठीला शाळेतून घेऊन, प्राण्यांच्या दुकानात गेले. पिंजरे पाहिले. स्वस्त ते इतके लहान की आत फक्त वळता यावं, आणि बरे होते त्यांच्या किमती ऐकून पर्स उघडावीशी वाटेना. दुकानदार चष्मा कपाळावर ढकलून बोलणारा, घाई नसलेला माणूस. त्याने बरीच माहिती दिली. तळ तारांचा नको. फिरायचं चाक मोठं हवं, नाहीतर पाठीला बाक येतो. खाली कागदाचा किंवा लाकडाचा भुसा वीतभर तरी हवा, कारण यांना बीळ करायचं असतं. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची.

मोठीसाठी एक लहान मादी निवडली. करडी, काळ्याभोर डोळ्यांची. मोठीने जागच्या जागी नाव ठेवलं, बटण.

"घरात आधीची एक आहे. दोघींना एकच मोठं घर केलं तर?" मी विचारलं.

"नको बाई. हे एकेकटं राहणारं जनावर आहे. लहान असताना खपवून घेतात, वाढले की नाही. दोन घरं करा."

"दोन ठेवू कुठे? डोक्यावर?"

"मग दुसरी घेऊच नका."

विकणाराच घेऊ नका म्हणाला की गिऱ्हाईक हमखास दोन पिंजरे घेतं, एवढं न कळायला मी काल जन्मले नाही. बटणला घेतलं आणि पिंजरा न घेता बाहेर पडले.

१५ जानेवारी

घर सापडलं. तेही ऑफिसात.

वसतिगृहाच्या वाचनालयातलं पुस्तकांचं एक कपाट भंगारात निघालंय. लाकूड चांगलं आहे, दारं काचेची. ते पाठीवर आडवं टाकलं की झालं हॅमस्टरचं घर. लांबी साडेचार फूट, रुंदी पावणेदोन. दारं वर येतात, त्यातल्या एकाची काच काढून जाळी बसवायची म्हणजे हवा येईल. दुकानातला कुठलाही पिंजरा याच्या पासंगाला पुरणार नाही. वॉचमनने टेम्पोत चढवून दिलं. "मॅडम, उंदरांना एवढा बंगला?" म्हणाला आणि जिना उतरेपर्यंत हसत होता.

कोपऱ्यावरच्या सुतारकाकांना बोलावलं. फळ्या काढता काढता ते म्हणाले, "दोन जनावरं आहेत तर मधे एक फळी मारून देऊ का?"

"नको. एकदा फळी मारली की ती कायमची होते."

"मग मापाची कापून ठेवतो. खाच करून देतो, वाटलं तर सरकवा."

फळी माळ्यावर टाकली. काकांचं मन मोडवेना.

१७ जानेवारी

आज दोघी नव्या घरात गेल्या. कपाट मुलींच्या खोलीत, खिडकीपासून लांब, भिंतीला लावून. ऊन नको, स्वयंपाकघराचा धूर नको, हे सगळं मी बघून घेतलं. खाली कागदाच्या पट्ट्या. ऑफिसात कागद कापायचं यंत्र आहे, त्यातून रद्द झालेल्या अर्जांचं पोतंभर घेऊन आले.

मुलींना समोर बसवून नियम सांगितले. वसतिगृहाचा नियम आहे, पहिले एकवीस दिवस खोली बदलण्याचा अर्ज घेतला जात नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्याच रडतात. दुसऱ्यात कुरकुरतात. तिसरा संपेपर्यंत शंभरातल्या नव्वद जणींना आपण अर्ज करणार होतो हेही आठवत नाही. तोच नियम गोटी आणि बटणला. सात फेब्रुवारीपर्यंत कोणी त्यांची जागा बदलायची नाही.

"आणि उरलेल्या दहा?" धाकटीने विचारलं. पोरीचं डोकं चालतं.

"त्यांचा अर्ज मी वाचते," मी म्हटलं.

१८ जानेवारी, रविवार

गोटी आणि बटणची सकाळी एक झटापट झाली. चीं चीं करून दोघी उभ्या राहिल्या, मग बटण गोटीच्या मागे धावली. गोटी चाकाखाली जाऊन बसली. ओळख व्हायचीच आहे अजून.

मुलींचं छान चाललंय. आवाजसुद्धा नाही खोलीतून.

२२ जानेवारी

धाकटी काल पॅसेजमध्ये गादी टाकून झोपली. विचारलं तर म्हणाली, "इथे हवा चांगली येते." येत असेल. मोठी म्हणाली, "तिला आवडतं तिथे." मीही लहानपणी गच्चीवर झोपायला मिळावं म्हणून रडायचे.

बटणने कपाटातल्या लाकडी खोक्यात पट्ट्या भरून घर केलंय. गोटी बाहेर, उघड्यावर झोपते. दुसरं खोकं ठेवलं, तर बटणने तेही भरून टाकलं. भारी उद्योगी आहे.

२४ जानेवारी

धाकटी स्वयंपाकघरात आली. भांडी विसळत होते.

"काकू, गोटीला वेगळं ठेवू या?"

"का?"

"ती चावते."

"कोण?"

तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "बटण."

"सात दिवस झालेत फक्त. अजून चौदा आहेत. आणि हे बघ, तोंडी तक्रार मी कुणाचीच ऐकत नाही. एकीची तोंडी ऐकली की दुसरीचीही ऐकावी लागते आणि मग नुसता बाजार भरतो. काही म्हणणं असेल तर लिहून दे. ट्रेमध्ये ठेव, मी वाचेन."

फ्रिजवर माझा एक ट्रे आहे. शाळेच्या सूचना, बिलं, सगळ्यांनी त्यातच टाकायचं. ऑफिसच्या जुन्या अर्जांचे कोरे गठ्ठे मी मुलींना कच्चं काम करायला आणून दिलेत. त्याच्यावर लिही म्हटलं. मान हलवून गेली. समजूतदार आहे, फार डोकं खात नाही.

२७ जानेवारी

धाकटीच्या मानेवर मागे तीन ओरखडे दिसले. गोटीने ओरबाडलं म्हणाली. तिला खांद्यावर घेऊ नकोस म्हटलं आणि औषध लावलं. मोठी दारात उभी राहून बघत होती. "लागलं का गं तुला?" तिने विचारलं. बरं वाटलं मला. मोठेपण असं अंगात उतरायला लागतं.

आज ऑफिसात पंधरा नंबरची मुलगी आली, अठराव्या दिवशी. अर्ज पुढे केला. कारणाची जागा कोरी. कारण लिहिलेलं नसेल तर अर्ज बाद होतो, मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "लिहिता येत नाही मॅडम." पदवीधर मुलगी, लिहिता कसं येत नाही? तीन दिवसांनी ये म्हटलं.

३१ जानेवारी

हे आलेत. पॅसेजमधली गादी पाहून थबकले. "ही इथे का?"

"हवा येते म्हणे."

"रोडावलीय गं जरा."

"तुम्ही पंधरा दिवसांनी बघता, म्हणून वाटतं तसं."

संध्याकाळी कपाटापाशी बसले होते. गोटीच्या पाठीवरचे केस गेलेत, पोट आत ओढलंय. दाणे मी मोजून दोघींचे घालते, पण बटण सगळे गालात भरून नेते. यांनी माळ्यावरची फळी पाहिली होती. "ती सरकवू का मधे? दोन मिनिटांचं काम आहे."

"आठवडा राहिलाय. आता फळी घातली तर चौदा दिवस वाया. परत पहिल्यापासून."

"तुला यातलं जास्त कळतं," हे म्हणाले आणि उठले. लिहिते म्हणून खरं लिहिते, मला क्षणभर वाटलं की यांनी ऐकू नये. पण ऐकलं.

धाकटी त्यांच्याजवळ बसून होती, त्यांचं बोट धरून. मोठी दोघांच्या मधे येऊन बसली आणि शाळेतली गंमत सांगायला लागली. घर भरल्यासारखं वाटलं.

४ फेब्रुवारी

धाकटीच्या वर्गशिक्षिकेचा फोन. गृहपाठाची वही तीनदा फाटलेली आणली. विचारलं तर "माझ्याच हाताने फाटली" म्हणते. रागावले नाही, नवी घेऊन दिली.

गोटी-बटणच्या पट्ट्या घाण झाल्या होत्या. ट्रे आवरला. बिलं बाजूला काढली. ऑफिसचे चार-पाच अर्ज निघाले, दुमडून अगदी तळाशी ठेवलेले. मीच कधीतरी आणून टाकले असणार. घर आणि ऑफिस यांची अशी खिचडी झालीय. बाकीच्या रद्दीबरोबर तेही नेऊन यंत्रात घातले आणि संध्याकाळी ताज्या पट्ट्या पसरल्या. धाकटी पाहत होती. मी पिशवी झटकली, तेव्हा तिने खाली वाकून एक पट्टी उचलली, पाहिली आणि परत आत टाकली.

७ फेब्रुवारी

एकवीस दिवस आज पूर्ण झाले.

सकाळी गोटी जाळीखालच्या कोपऱ्यात मेलेली सापडली. तिच्या पाठीबद्दल मी लिहिणार नाही. लाकडाला आतून नखांच्या खुणा आहेत. वर, जाळीपर्यंत. म्हणजे ती बाहेर पडायला बघत होती.

मोठी खूप रडली. धाकटी रडली नाही. तिने बुटांचं खोकं आणलं, त्यात रुमाल घातला, गोटीला ठेवलं आणि मला विचारलं, "झाले ना एकवीस?"

"हो," मी म्हटलं.

ती चपला घालून खाली गेली. वाटलं, खोकं पुरायला गेली.

संध्याकाळी, त्याच दिवशी

ती खालच्या शिंपीणबाईंकडे गेली होती, फोन करायला. मावशीचा नंबर तिला पाठ आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

मावशी आली. भांडली नाही, आवाज चढवला नाही, त्यामुळे मला भांडायला जागाच मिळाली नाही. धाकटीची पिशवी भरलेलीच होती. किती दिवसांपासून, कोण जाणे. पॅसेजमधली गादी तिने स्वतः गुंडाळून भिंतीला लावली.

यांना फोन लावला. मावशी न्यायला आलीय म्हणून सांगितलं. हे म्हणाले, "तिला जायचंय का?" मी म्हटलं, "तिने अर्ज दिलेला नाही." असं का बोलले मी? तोंडातून तेच निघालं.

दारात मावशी म्हणाली, "तिला कपडे बदलताना पाहिलंत का कधी?" मी नाही म्हटलं. दहा वर्षांची मुलगी, तिचं ती बदलते. मावशीने मान हलवली आणि तिचा हात धरून जिना उतरली.

मी दिलेला शब्द महिनाभरही टिकला नाही.

१० फेब्रुवारी

रजा टाकली. कपाट साफ करायला घेतलं. माळ्यावरची फळी काढून खाचेत सरकवली, कशासाठी ते मला माहीत नाही. बरोबर बसली. बटण एका बाजूला, दुसरी बाजू रिकामी.

खोक्यातलं बटणचं घर उपसताना पट्ट्यांवर निळी शाई दिसली. ऑफिसात अर्ज काळ्या शाईनेच भरायचा असतो. निळ्या शाईत 'गो' होता, गोल, शाळेतला. मग सगळंच बाहेर काढलं. कपाटातलं, पिशवीत उरलेलं, सगळं. जेवणाच्या टेबलावर पट्ट्या लावत बसले. काही बटणने कुरतडल्यात. दुपारपर्यंत तीन अर्ज लागले, चिकटपट्टीने जोडले. बाकीचे लागत नाहीत.

पहिला २५ जानेवारीचा. सध्याची खोली, कपाट. हवी असलेली खोली, पोपटाचा पिंजरा चालेल. कारण, बटण चावते. अर्जदाराच्या जागी गोटीची सही म्हणून एक गोल.

दुसरा २८ तारखेचा. सध्याची खोली, मोठीची खोली. हवी असलेली खोली, पॅसेज. आत्ता झोपते तोच, पण विचारून. कारणाच्या जागी लिहिलंय, "लिहिलं तर मोठी वाचेल."

तिसऱ्याचा मधला भाग गेलाय. कारणाची जागा कोरी आहे. तो कारणाअभावी मी बादच केला असता. वर 'प्रति' छापलेलं असतं, त्याच्यापुढे वसतिगृहातल्या मुली अधीक्षक लिहितात. तिने 'आई' लिहिलंय. तिन्ही अर्जांवर तेच लिहिलंय. तोंडाने मला कधी म्हणाली नाही, आणि कागदावर म्हणाली ते मी यंत्रात घातलं.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मोठी शाळेतून आली तेव्हाही तशीच होते.

११ फेब्रुवारी

ते अर्ज मोठीपुढे ठेवले. तिने वाचले. आधी ताकास तूर लागू दिली नाही. मग म्हणाली, "ती माझी खोली होती."

"मी तुला सांगितलं होतं ना, आपण दोघी आणि ते दोघं एकत्र राहणार म्हणून."

"सांगितलं होतंस. विचारलं नव्हतंस."

"मग मला येऊन बोलायचंस. तिला का मारायचंस?"

"तू लिहून दे म्हणतेस." ती बटणकडे बघत होती. "मला तिचा राग येत नव्हता. ती रडायचीच नाही. एकदा रडली असती तर मी थांबले असते."

माझ्या पोटची मुलगी. मी तिला जवळ घेतलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. तिचं अंग लाकडासारखं होतं. उद्या शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे दोघी जाणार आहोत. मी तोंडीच बोलणार आहे.

ऑफिसात पंधरा नंबरला गेले होते. खोली रिकामी आहे. ती मुलगी गेल्या आठवड्यातच सामान घेऊन गेली, वॉचमनला किल्ली देऊन. पत्ता ठेवलेला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

हे आलेत. काल मावशीकडे जाऊन आले. माझ्याशी कामापुरतं बोलतात. ते कपाटाशेजारी उभे राहिले, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सरकवायला दोन मिनिटं लागली असती." एवढंच. यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

आमची खोली मी धाकटीसाठी रिकामी केली. पलंग, टेबल, दाराला आतून कडी. आम्ही दोघं बाहेर झोपू, पॅसेज आहेच. मग मावशीकडे फोन लावला. तिने तो धाकटीला दिला.

मी सगळं सांगितलं. अर्ज मिळाले, वाचले. चूक माझी होती, तुझी नाही, गोटीचीही नाही. खोली तुझी एकटीची आहे. मोठी तुझ्या खोलीत येणार नाही. "येतेस का परत?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"काकू," ती म्हणाली, अगदी नीट, समजावून सांगावं तसं, "इथे येऊन सातच दिवस झालेत. एकवीस झाल्याशिवाय अर्ज नाही ना करता येत."

मी म्हटलं, तो नियम मी काढून टाकलाय.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन मावशीकडे दिला.

कॅलेंडरवर एक मार्चला खूण केली. मग खोडली. ती येते म्हणालेली नाही.